खिशातलं नाणं: चॅलेंज कॉइन म्हणजे काय, आणि आमच्या पुराच्या पोरांसाठी करावं का?

वेदगंगाकाठ · ३ जून, रात्री ९:१२

मंडळी, जरा वेगळा विषय आहे. जाणकारांनी बोलावं, नसलेल्यांनीही बोलावं.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठावर. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनवर आले. मागच्या महिन्यात पेन्शनचा एक जुना कागद हवा होता म्हणून माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. कागद काही सापडला नाही. पण मफलरच्या घडीत एक चकती सापडली. दहाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी, पितळी, कडेला दोरखंडासारखा पीळ. एका बाजूला यूएनच्या जैतुनाच्या फांद्या निळ्या मीन्यात भरलेल्या, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश अक्षरं. निळा मीना एका कोपऱ्यात टवका उडून गेलाय आणि तिथलं पितळ बोटाच्या घामानं काळं पडलंय.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "लेबनॉनचं हाय ते." बाबा तिथं यूएन मिशनवर होते. आपली पलटण ज्या पूर्व सेक्टरमध्ये होती, तिथली कमांड तेव्हा स्पेनकडे. एका रात्री त्यांची गाडी ओढ्याच्या चिखलात रुतली, आपल्या पोरांनी दोर लावून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेजर आला, भाषण नाही, फोटो नाही, नुसता हातात हात दिला. "हात सोडवताना तळव्यात कायतरी टोचलं. बघतोय तर हे." बस, एवढीच गोष्ट. इतकी वर्षं घरात कुणाला सांगितली नव्हती. आईलासुद्धा नाही, ती अजून त्यावरून धुसफुसतेय.

मग मी वाचत बसलो. याला चॅलेंज कॉइन म्हणतात, फौजेत पलटणीची खूण नाहीतर शाबासकी म्हणून देतात ते नाणं. आता मूळ मुद्दा. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवसांत आमच्या गावातले तेवीस जण रात्रंदिवस राबले. वाड्यावस्त्यांवरून म्हातारी माणसं काढणं, जनावरं सोडवणं, शाळेत चूल पेटवून तीनशे पानं वाढणं. होडी नव्हती, गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतून, माणसं आणली. त्यांना कुणी काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. या तेवीस जणांसाठी असं नाणं करावं असं डोक्यात आलंय. करावं का? की हे उगाच सायबाचं खूळ?

हलशीवाला · ३ जून, रात्री १०:०५

विषय आवडीचा निघाला, म्हणून जेवण अर्धं टाकून लिहितोय.

सगळीकडे सांगतात ती गोष्ट आधी सांगतो. पहिल्या महायुद्धात एका श्रीमंत अमेरिकन लेफ्टनंटानं आपल्या विमानपथकातल्या प्रत्येकाला ब्राँझचं पदक पाडून दिलं. एक वैमानिक जर्मनांच्या हाती लागला. त्यांनी ओळखपत्रं काढून घेतली, पण गळ्यातल्या कातडी पिशवीतलं पदक राहून गेलं. तो निसटून फ्रेंच चौकीवर पोचला. फ्रेंचांना वाटलं हेर आहे, गोळी घालायला उभा केला. त्यानं पदक दाखवलं, एका फ्रेंच शिपायानं खूण ओळखली, आणि गोळीऐवजी वाइनची बाटली मिळाली. गोष्ट फक्कड आहे. पण ना वैमानिकाचं नाव, ना पथकाचं, ना तारीख. मी ती पारावरच्या भुताच्या गोष्टीइतकीच खरी मानतो.

जमिनीवर पाय ठेवून बोलायचं तर कोरियन युद्धाच्या काळात १७ व्या इन्फंट्री रेजिमेंटचे कर्नल क्विन यांनी आपल्या माणसांसाठी नाणी पाडली, त्यावर गवा होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या १० व्या स्पेशल फोर्सेस ग्रुपनं हे उचललं. बाकी फौजेत पसरलं ते बरंच नंतर, १९८० नंतर.

आणि "चॅलेंज" कशाला? त्याची मुळं दारूच्या टेबलावर आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत राहिलेल्या अमेरिकन शिपायांत "फेनिग चेक" चालायचा. फेनिग म्हणजे तिथलं सगळ्यात हलकं नाणं. कुणीतरी ओरडायचं, ज्याच्या खिशात फेनिग नाही त्यानं सगळ्यांची दारू भरायची. पुढं फेनिगच्या जागी पलटणीचं नाणं आलं. एकानं नाणं टेबलावर आपटलं की सगळ्यांनी आपापलं काढायचं. ज्याच्याकडे नाही त्याच्या डोक्यावर बिल. सगळ्यांकडे निघालं तर आपटणाऱ्याच्या डोक्यावर. चुकून हातातून पडलं तरी ते आव्हानच धरतात. भोक पाडून किल्लीला अडकवलं तर ते नाणं राहत नाही, किचेन होतं!

व्हिएतनाममध्ये तर याच खेळात नाण्याऐवजी बंदुकीची गोळी चालायची. मग माझी मोठी की तुझी मोठी करता करता तोफेचे गोळे टेबलावर यायला लागले म्हणतात. शेवटी साहेब लोकांनी आवर घातला.

रांगडा_चिकोडी · ४ जून, सकाळी ७:३०

एवढं सगळं वाचून एकच सांगतो. खूळ हाय. आपल्याकडं कमी पद्धती हायत का? शाल द्या, श्रीफळ द्या, फेटा बांधा. तालमीत जिंकलेल्या गड्याला चांदीचं कडं घालत्यात, ते मानाचं. चकती घेऊन काय करायचं, दाबेलीवाल्याला द्यायची?

शहापूरची_सून · ४ जून, सकाळी ९:४८

रांगडेदादा, तुमचं कडं मान्य. पण शाल-श्रीफळाचं नाव नका काढू.

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. घरात लोखंडी कपाट आहे, त्याचा खालचा कप्पा सत्काराच्या शालींनी भरलाय. सगळ्या सारख्याच, सगळ्यांना तीच कडक खळ, त्यातली एकही कुणी कधी पांघरली नाही. नारळाची त्याच रात्री चटणी होते. वरच्या कप्प्यात अ‍ॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं, त्यावर ज्याचा सत्कार त्याचं नाव बारीक आणि ज्याच्या हस्ते त्याचं मोठं. आणि प्रत्येक सत्काराला बॅनर, बॅनरवर एकवीस फोटो, त्यात सासऱ्यांचा कोपऱ्यात.

सुभेदारकाकांच्या गोष्टीत मला काय भावलं सांगू? स्टेज नव्हतं. देणाऱ्याला टाळी नको होती. हातातून हातात गेलं, तिसऱ्याला कळलंही नाही. काकूंना कळलं नाही हे मात्र वाईट, तिथं मी काकूंच्या बाजूनं.

पेन्शनर_हवालदार · ४ जून, दुपारी १:२०

सुभेदार साहेबांना रामराम कळवा.

आमच्या वेळी, म्हणजे मी भरती झालो तेव्हा, कॉइनबिइन काही नव्हतं. बडाखाना व्हायचा, म्हणजे सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, पलटणीचे मुख्य सीओ साहेब स्वतःच्या हातानं वाढायचे, तोच मान. आता आपल्याकडेही युनिटं, फॉर्मेशनं कॉइन काढतात, पाहुण्याला देतात, बदली होऊन जाणाऱ्याला देतात. पण टेबलावर आपटून दारू मागायचा खेळ आपल्या मेसमध्ये मी कधी बघितला नाही. आपल्याकडे ते मेमेंटोच्या अंगानं गेलंय.

पण देण्याची जी गंमत म्हणताय, ती मी बेळगावातच बघितलीय. कॅम्पात आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला कसम परेड असते, नव्या जवानांच्या शपथेची. १९२२ पासून सेंटर बेळगावात आहे, या भागात असं गाव नाही जिथला पोरगा त्या मैदानावर घासलेला नाही. परेड झाली की पोरांच्या आईबापाला गौरव पदक देतात. माझ्या पोराच्या वेळी आमच्या शेजारी खानापूरकडची एक बाई बसली होती. इरकली लुगडं, पायात स्लिपर. तिच्या पदराला पदक लावलं. ती घरी जाईपर्यंत पदर सावरायचा सोडून पदकच सावरत होती. बसमध्ये माझ्यासमोरच बसली होती, म्हणून माहीत.

आता कामाचं. नाणं करणार असाल तर आमच्या रेजिमेंटचा क्रेस्ट, म्हणजे बोधचिन्ह, त्यावर टाकू नका, कितीही मोह झाला तरी. त्यात अशोकस्तंभाचे सिंह आहेत. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आणि किमतीचा आकडा, रुपयाचं चिन्ह, असलं काही नको. नाण्यांच्या २०११ च्या कायद्यात चलन म्हणून चालवता येईल असा धातूचा तुकडा बनवायलाच मनाई आहे. तुमची चकती चकतीच दिसली पाहिजे.

जुनी_नाणी · ४ जून, रात्री ११:३६

मी शिवराया जमवतो. तांब्याची ती जाडीभरडी नाणी, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". त्यामुळे आधी नाक मुरडलं होतं. जे बाजारात चाललं नाही, ज्यानं कधी मीठमिरची विकत घेतली नाही, ते नाणं कसलं?

मग विचार केला, आपल्या देवघरातला टाक काय आहे? धातूचा पत्रा, ठशावर ठोकून उठवलेली मूर्ती. सोनाराकडे वजनावर जातो, मोडीत काढला तर चार पैसे. पण भाऊ वेगळे झाले की भांडण शेताच्या बांधावरून होतं तसंच टाक कुणाकडे राहणार यावरून होतं. धातू तोच, पण कुणाच्या हातून कुणाकडे आला त्यावर सगळं.

चॅलेंज कॉइनच्या बाजाराचंही हेच. परदेशात यांचे मोठे संग्राहक आहेत. क्लिंटनपासून पुढच्या अमेरिकन अध्यक्षांची स्वतःची नाणी असतात. बॉब गेट्स संरक्षणमंत्री होते, २०११ मध्ये पद सोडण्याआधी अफगाणिस्तानात शेवटची फेरी मारली, तेव्हा शिपायांशी हात मिळवताना तळव्यातून नाणं सरकवत गेले. म्हणजे सुभेदारकाकांच्या मेजरनं केलं तेच. आता हुबेहूब तसलं नाणं पैसे टाकून ऑनलाइन मिळतं. माझ्याकडेही दोन आहेत, विकत घेतलेली. खरं सांगू? अल्बममध्ये आहेत, पण ती दाखवताना माझ्याकडे सांगायला काही नसतं. "कुठून मिळालं?" "कुरियरनं."

एक गमतीचं सांगतो. २०१८ साली ट्रम्प आणि किम जोंग उन यांची भेट ठरली, तेव्हा व्हाइट हाउसच्या संपर्क विभागानं भेटीआधीच नाणं पाडून घेतलं, दोघं समोरासमोर. नाणं बाहेर आलं आणि मेच्या शेवटी ट्रम्पनी भेटच रद्द केली. लोकांनी खिल्ली उडवली. मग पुन्हा ठरली आणि १२ जूनला सिंगापुरात झाली एकदाची. साखरपुड्याआधी बारशाची भांडी घेतल्यातला प्रकार.

वेदगंगाकाठ · ५ जून, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार. हवालदार काका, क्रेस्टबद्दल बरं झालं सांगितलंत, मी डिझाइनमध्ये तोच टाकला होता! बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मी तेच सांगणार होतो," जे खरं नाही.

नाव_नको · ५ जून, दुपारी ३:०२

इथं फक्त वाचत असतो. आज लिहितोय.

माझ्या खिशात एक चकती आहे. फौजेची नाही. मी दारू सोडल्याला एक वर्ष झालं तेव्हा आमच्या एए ग्रुपमध्ये मिळाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे, चोवीस तास, महिना, तीन महिने, वर्ष, अशा चकत्या. फौजेचं नाणं नसलं की दारू पाजावी लागते, आमचं असलं की प्यायची नाही. उलटं आहे बघा.

काम फिरतीचं आहे. संध्याकाळी सात ते नऊ वाईट जातात. रिक्षा स्टँडसमोर दुकान आहे, नाव सांगत नाही, सगळे ओळखतील. तिथून जाताना हात खिशात असतो. चकतीच्या मध्ये आकडा उठवलेला आहे, अंगठ्यानं तो चाचपत जातो. आता तो आकडा गुळगुळीत होत आलाय.

रांगडेदादा, चकतीचं काय करायचं विचारलंत म्हणून सांगितलं.

रांगडा_चिकोडी · ५ जून, दुपारी ३:४०

चुकलं भावा. लिहून बसलोय तर मागं घेता येईना. दाबेलीचं मनावर घेऊ नका.

उद्यमबाग_डायवाला · ५ जून, रात्री ९:५५

माझा हाच धंदा. बेळगावच्या उद्यमबागेत डाय, म्हणजे ठसे, बनवतो, बहुतेक गाड्यांच्या पार्टच्या, पण मंडळांचे बिल्ले, शाळांची पदकं अधूनमधून करतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

दोन रस्ते आहेत. एक, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव. स्वस्त पडतं, मध्ये आरपार नक्षी हवी असेल, वेडावाकडा आकार हवा असेल तर तेच बरं. दुसरा, पितळेच्या चकतीवर ठसा मारायचा. पावणेदोन इंच व्यास आणि तीन मिलिमीटर जाडी धरली तर पितळेचं नाणं चाळीस ग्रॅमच्या आत बसतं, जस्ताचं तेवढंच केलं तर तीसच्या आसपास. दहा ग्रॅमचा फरक हाताला लगेच कळतो. फरशीवर टाकून बघा. पितळ टणकारतं, जस्ताचं थप्प करून बसतं. टेबलावर आपटायचं नाणं असेल तर पितळच घ्या, हा माझा स्वार्थ नाही, खरं बोलतोय.

डाय स्टीलची, त्यात चित्र उलटं आणि खोल खोदायचं, मग हार्डनिंग. चकती आधी तापवून नरम करून घ्यायची, मग प्रेस. उठाव जास्त असेल तर एका ठोक्यात भरत नाही, पुन्हा नरम करायची आणि दुसरा ठोका. मीना दोन तऱ्हेचा. एक खोलगट राहतो, बोटाला धातूच्या कडा लागतात. दुसरा भरून, भाजून, घासून सपाट करतात, महाग पण टवका लवकर उडत नाही. सुभेदारसाहेबांच्या नाण्याचा टवका उडालाय म्हणजे ते बरंच फिरलेलं असणार, ट्रंकेत जायच्या आधी.

फार बारीक अक्षरं टाकू नका. केसासारख्या रेषा मुलाम्यात बुजतात.

अनगोळची_पोर · ५ जून, रात्री १०:३१

अक्षरांवरून आठवलं, माझं दुःख ऐका.

आमच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपनं येळ्ळूरच्या राजहंसगडावर पन्नासावी फेरी केली, तेव्हा असली नाणी ऑनलाइन मागवली होती. एका लांबच्या सप्लायरकडून, नाव घेत नाही. आम्ही फाइल पाठवली, त्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, आम्ही घाईत नमुना मोबाइलवर छोटासा बघून "ओके" म्हटलं. शंभर नाणी आली. "शिवाजी" चं "शविाजी" झालेलं. वेलांटी श सोडून व वर जाऊन बसलेली. आणि "दुर्ग" मधला रफार खाली उतरून र चा पाय मोडलेला. शंभर नाण्यांवर! पैसे परत नाहीत, कारण ओके आम्हीच दिलेलं.

त्यामुळे मराठी मजकूर असेल तर तो आधी चित्र करून पाठवा. अक्षरं म्हणून पाठवू नका.

उद्यमबाग_डायवाला · ५ जून, रात्री १०:४४

बरोबर. आमच्याकडेही मजकुराच्या रेषा करून घ्या मगच पाठवा, आणि नमुना कागदावर खऱ्या आकारात छापून वाचा. मोठ्यानं वाचा. आणि ताई, ती शंभर नाणी फेकू नका. पुढं जुनी_नाणी यांच्यासारखे लोक चुकीच्या ठशाला दुप्पट पैसे देतात.

जुनी_नाणी · ५ जून, रात्री १०:५०

एक माझ्यासाठी ठेवा. गंमत नाही करत.

घटप्रभा_एक्सप्रेस · ६ जून, सकाळी ११:१०

मजकूर कुठल्या भाषेत टाकणार, हे ठरलंय का? तेवीसमध्ये सगळे मराठी आहेत?

वेदगंगाकाठ · ६ जून, दुपारी १२:००

नाहीत. सहा जण घरी कन्नड बोलतात. त्यातले दोघे पोहण्यात सगळ्यांत पट्टीचे, ते नसते तर धनगरवाड्याची माणसं निघाली नसती. पाण्यात असताना भाषेचा प्रश्न आला नव्हता, आता चकतीवर आलाय.

(इथले चार प्रतिसाद संपादकांनी उडवले आहेत. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं जा. या धाग्यावर नाणं.)

शहापूरची_सून · ६ जून, सायंकाळी ५:२५

मी म्हणते, अक्षरच कशाला? ज्याला द्यायचं त्याला माहीत आहे की कशासाठी. तुम्हीच लिहिलंय, काहिलीतून माणसं आणली. काहील गोल, नाणंही गोल. एका बाजूला काहील काढा आणि त्यात दोन माणसं. दुसऱ्या बाजूला नुसत्या लाटांच्या रेषा आणि पाणी चढलं होतं त्या शाळेच्या भिंतीवरची खूण. नातवाला कळलं नाही तर तो विचारेल. विचारल्यावर सांगायला मिळेल.

हलशीवाला · ६ जून, सायंकाळी ६:०२

ताई, हे झकास. आणि खेळाचा नियमही आपल्या पद्धतीनं करा. दारूचं नको, नाव_नको यांना खेळता येणार नाही. हरेल त्यानं सगळ्यांना चहा आणि भजी. बेळगावात हरला तर कुंदा. आपल्याकडे दरबारात तबकात विडा ठेवायचे आणि जो उचलेल त्यानं कामगिरी पत्करायची, त्याचाच हा खिशातला धाकटा भाऊ समजा.

रांगडा_चिकोडी · ६ जून, सायंकाळी ६:२०

हे विड्याचं पटलं. आधी सांगितलं असतं तर भांडलो नसतो.

शहापूरची_सून · ६ जून, सायंकाळी ६:३३

एक विचारायचं राहिलं. काहील कुणाची होती?

वेदगंगाकाठ · ८ जून, रात्री १०:४०

दोन दिवस गप्प होतो त्याचं कारण ताईंचा प्रश्न.

काहील गावाबाहेरच्या गुऱ्हाळवाल्यांची होती. ते त्या वेळी मिरजेला दवाखान्यात, बायकोचं ऑपरेशन होतं. आम्ही फोन केला, ते म्हणाले, "कुलूप तोडा आणि न्या." आम्ही नेली. दोन दिवस वापरली, तिसऱ्या दिवशी पुलाच्या कठड्याला आपटून तळ फाटला. पूर ओसरल्यावर त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. त्या हंगामात त्यांचं गुऱ्हाळ उशिरा लागलं. ते कधी काही बोलले नाहीत, आणि आम्हीही नाही. तेवीस जणांच्या यादीत ते नव्हते. यादी मीच केली होती. पाण्यात कोण उतरलं एवढंच बघून केली.

बाबांना सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लेबनॉनात त्या रात्री दोर आमचा नव्हता. शेजारच्या बागवाल्याचा होता. त्याला कुणी काय दिलं नाय."

वेदगंगाकाठ · १७ ऑगस्ट, रात्री ९:२०

उशिरानं कळवतोय. नाणी झाली. पंचवीस पाडली, पितळेची, मीना नाही, नुसतं काळवंडलेलं जुनं रूप. डायवाले दादांनी केली, पहिल्या ठोक्याला मी उद्यमबागेत हजर होतो. प्रेसखालून निघालेलं पहिलं नाणं दादांनी चिमट्यात धरून उजेडात फिरवलं, नाक वाकडं केलं आणि बाजूला टाकलं. मला तर ते एकदम छान दिसत होतं. दादा म्हणाले, "डावीकडची लाट भरली नाही." चौथं पसंत पडलं.

समारंभ केला नाही. ज्याच्या त्याच्या घरी, शेतावर, एकाला एसटीच्या दारात, हात मिळवून दिली. पोहणाऱ्या त्या दोघांतल्या धाकट्यानं नाणं दातानं चावून बघितलं.

खेळही सुरू झालाय. मागच्या रविवारी टपरीवर चुलतभावानं नाणं आपटलं. आठ जण होतो. एकेकाची निघत गेली. बाबा तेवीसमध्ये होते, त्यांनी कोपरीतून काढलं, आणि खालोखाल लेबनॉनचं पण काढून शेजारी ठेवलं. एकाचं नव्हतं. धुवायला टाकलेल्या पँटमध्ये राहिलेलं. आठ चहा, चार प्लेट भजी, भरणारा मी.

राहिलं गुऱ्हाळवाल्यांचं. त्यांच्याकडे बाबाच गेले, मी मागं. ते उसाच्या पाचटावर बसले होते. बाबांनी हात दिला. त्यांनी तळवा उघडून बघितलं, चष्मा कपाळावर नेला, नाणं डोळ्याजवळ धरलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी. म्हणाले, "काईल चुकलीय. माझ्या काईलीला चार कडी होती. तुमी दोनच काढलीसा."

उद्यमबाग_डायवाला · १७ ऑगस्ट, रात्री ९:४१

दोन कडी मागच्या बाजूला झाकलेली असणार, असं समजून मी दोन काढली. डाय अजून माझ्याकडेच आहे. नाण्यावर उठाव वाढवायचा म्हणजे डायमध्ये थोडं आणखी खोदायचं, ते स्पार्क मशिनवर जमतं. काढून टाकायचं असतं तर नवी डाय लागली असती. त्यांना विचारा, कडी काठाच्या खाली होती की वर, आणि शनिवारपर्यंत कळवा. एकच नाणं पाडायचं असलं तरी चालेल.